‘घेतो’ म्हणालो होतो

९ मार्च

चिंगे,

हे पत्र दवाखान्यातून लिहितोय. घाबरू नकोस, किरकोळ आहे. रक्तातलं मॅग्नेशियम कमी झालंय म्हणून सलाईनमधून देतायत. देताना हात खांद्यापर्यंत गरम होतो, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, किडनी बदललेल्या बऱ्याच जणांचं होतं हे. शरीराने दुसऱ्याची किडनी परत लोटू नये म्हणून जी गोळी जन्मभर घ्यायची असते, तिच्यामुळेच मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं. म्हणजे यात कुणाचाच दोष नाही. हे मुद्दाम लिहितोय.

कागदावर लिहायची वेळ आली, कारण फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजसमोर एकच बारीक खूण येऊन बसते. तुझी वहिनी म्हणते, कामात असेल. तीन महिने? एवढ्या कवळ्या बनवाव्या लागतायत म्हणजे तुमच्या गावात सगळ्यांचे दात एकदमच पडले की काय?

झालं असं की गेल्या मंगळवारी शिकवणीची गाडी फुटपाथवर चढली आणि बसथांब्याच्या खांबाला धडकली. थांब्यावर कुणी नव्हतं हे नशीब. गाडी शिकणाऱ्या बाई अठ्ठावन्न वर्षांच्या, ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. वळणावर त्यांचा ब्रेक वेळेवर लागला नाही. माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो हे तुला माहीत आहे, पण दर वेळी सगळंच माझ्या पायावर कसं ढकलणार? बाईंचं डावं मनगट मोडलं. मला नुसता मुका मार. इथे आणल्यावर हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतायत असं दिसलं, म्हणून रक्त तपासलं आणि हे मॅग्नेशियमचं निघालं. एक पूर्णांक सातच्या वर असावं लागतं, माझं शून्य पूर्णांक आठ होतं.

किडनी मात्र झकास चाललीय. डॉक्टर म्हणाले, तिच्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

आत्याकडून तुझ्या कानावर काही आलं असेल तर फार मनावर घेऊ नकोस. आत्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे, राईचा पर्वत करते. माणूस आजारपणात काहीबाही बोलतो, ऐकणारा मीठमसाला लावून पुढे पाठवतो.

फोन उचल. निदान वहिनीचा तरी उचल.

तुझा दादा

१३ मार्च

चिंगे,

अजून इथेच आहे. पहिलं पत्र तुला मिळायच्या आतच हे दुसरं लिहितोय, कारण पहिल्यात एक गोष्ट लिहिली नाही आणि ती आता लपवण्यासारखी उरलेली नाही.

काल तुझी वहिनी गॅरेजात गेली होती. गाडी दुरुस्तीला टाकलीय, त्यातलं माझं सामान आणायला. माझ्या बाजूच्या कप्प्यातून तिने चष्मा आणला, रुमाल आणले, हजेरीची वही आणली. आणि पाच बाटल्या. मॅग्नेशियमच्या गोळ्यांच्या. पाचांपैकी चारांचं सीलही तुटलेलं नव्हतं.

माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर तिने त्या एकेक करून मांडल्या, लेबल माझ्याकडे करून. मग पिशवीची घडी घातली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. डॉक्टरांची फेरी व्हायची होती. मी म्हणालो, “उचल त्या. कुणी बघेल.”

ती म्हणाली, “बघू देत ना.”

मी त्या गोळ्या ऑक्टोबरपासून घेत नव्हतो. दर महिन्याला तपासणीला जायचो, प्रत्यारोपण विभागातल्या सिस्टर विचारायच्या, “मॅग्नेशियम घेता ना?” मी म्हणायचो, “घेतो.” आकडा कमीच येत राहिला, म्हणून त्यांनी डोस वाढवला. मी वाढीव डोसही “घेतो” म्हणालो. परत वाढवला. माझ्या कप्प्यातल्या बाटल्या वाढत गेल्या आणि रक्तातलं मॅग्नेशियम उतरत गेलं. वर छातीत जळजळतं म्हणून दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणून मी रोज मनानेच खात होतो, आणि त्या गोळ्यांनीही मॅग्नेशियम कमी होतं हे मला परवा कळलं. म्हणजे जे भरायचं ते भरत नव्हतो आणि जे रितं होत होतं त्याला आणखी एक भोक पाडत होतो.

बोटं थरथरायची. डावी पापणी आपोआप फडफडायची. पोटऱ्यांत गोळे यायचे. वहिनी विचारायची तेव्हा मी म्हणायचो, वय झालं. पन्नाशीत कसलं वय?

का घेत नव्हतो, तर पोटाला सोसत नव्हत्या. एवढंच आज लिहितो.

दादा

२० मार्च

चिंगे,

घरी आलो. डिस्चार्जच्या आधी सिस्टर आल्या होत्या. त्याच, ज्यांनी ऑपरेशनच्या आधी तुझी सगळी तपासणी करून घेतली होती आणि तुला म्हणाल्या होत्या, “नाही म्हणायचं असेल तर शेवटच्या मिनिटालाही म्हणता येतं.” त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, आणि बाटल्यांतल्या गोळ्या मोजल्या. हळू, एकेक करून. शाळेत चोरी पकडल्यासारखा मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून बसलो होतो.

“पोट बिघडत होतं?”

“हो.”

“मग सांगायचं होतं. निम्म्या पेशंटांचं बिघडतं. त्यासाठी उपाय असतात.”

“लाज वाटली.”

“मी रोज सकाळपासून माणसांच्या लघवी-संडासचीच चौकशी करते. माझ्यापुढे लाज?” मग त्यांचा आवाज बदलला. “तुम्ही घेतो म्हणालात, म्हणून आम्ही समजलो की गोळ्या पोटात जातायत आणि तरीही आकडा चढत नाहीये. म्हणजे मुख्य औषधच तुमच्या शरीराला मानवत नाही. येत्या महिन्यात ते औषध बदलायचं ठरलं होतं. कागद तयार आहेत. बदललं असतं आणि शरीराने किडनी नाकारली असती, तर ती काय दुकानात मिळते का? बहिणीकडे आता एकच उरलीय.”

मी बाटल्यांची झाकणं लावत बसलो.

आता ती दुसरी गोष्ट, पोटाची. ती कुणालाच सांगितलेली नाही, वहिनीलाही नाही. तुला सांगतो, कारण तुला तोंड दाखवायचं नाहीये, कागदच पाठवायचाय.

ऑक्टोबरात एका सकाळी कॉलेजातली एक मुलगी शिकायला होती. गाडी नुकतीच हाताळायला लागली होती, पुलावरून जात होतो, मागे-पुढे रांग. मॅग्नेशियमची मोठी गोळी मी घाईत उपाशीपोटी घेतली होती. पोटात कळ आली. पुलावर गाडी थांबवायची कुठे? मी दात दाबून बसलो, तिला म्हणत राहिलो, “क्लच हळू सोड, घाई नको.” पूल संपायच्या आत व्हायचं ते झालं, चिंगे. सीटवर. पन्नास वर्षांचा मास्तर. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त डाव्या हाताने स्टिअरिंग धरून उजव्या हाताने तिच्या बाजूची काच खाली केली. पूर्ण. मग शांतपणे म्हणाली, “सर, पुढे डावीकडे वळू का? तिथे पेट्रोलपंप आहे.” गाडी तिने अगदी नीट वळवली. पंपावर उभी केली, चावी माझ्या हातात दिली आणि रिक्षाने घरी गेली. पुढच्या आठवड्यापासून तिने दुसरा मास्तर मागून घेतला. कुणाला काही सांगितलं नाही, एवढी ती मोठ्या मनाची. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती काच खाली करणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या संध्याकाळी पहिली बाटली कप्प्यात टाकली.

आणि अपघाताचं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की बाईंचा ब्रेक वेळेवर लागला नाही. थोडा उशिरा लागला हे खरं. शिकणाऱ्यांचा उशिराच लागतो. म्हणून तर माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो आणि त्याचाच मला पगार मिळतो. त्या वळणावर माझ्या उजव्या पोटरीत असा गोळा आला की पाय दगडासारखा झाला. ब्रेक समोर दिसतोय आणि पाय खाली जात नाही. खांब आला. बाई कण्हत होत्या आणि मी त्यांना काय म्हणालो असेन? “कितीदा सांगितलं होतं तुम्हाला!”

तेच मी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना सांगितलं. तेच कागदावर गेलं, शिकाऊ चालकाची चूक म्हणून.

आता औषधाची तऱ्हा बदलली आहे. हळूहळू विरघळणाऱ्या छोट्या गोळ्या, चार वेळा, जेवणाखाण्याबरोबर. किडनीच्या औषधापासून दोन तास लांब, नाहीतर एक दुसऱ्याला पोटात अडवतं. पित्ताची गोळी बंद. दर सोमवारी रक्त. पोट अजून कुरकुरतं, पण त्या दिवसासारखं नाही. सांगितलं असतं तर ऑक्टोबरातच हे सगळं झालं असतं.

दादा

४ एप्रिल

चिंगे,

या पत्राला दोन भाग आहेत. पहिला लिहून मी तुला पाठवणार होतो आणि स्वतःवर खूष होणार होतो.

ग्रंथपाल बाईंच्या घरी गेलो होतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दर जिन्यावर थांबलो. त्यांनीच दार उघडलं, हात गळ्यात अडकवलेला. आतल्या खोलीत त्यांचे यजमान रेडिओ ऐकत बसले होते. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेलीय. त्यांना दर आठवड्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं, म्हणून बाई या वयात गाडी शिकायला निघाल्या होत्या. हे मला अपघातापूर्वीही माहीत होतं.

त्यांनी पाणी दिलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या गाडीचं फार नुकसान झालं का हो माझ्यामुळे?”

“तुमच्यामुळे नाही,” मी म्हणालो. “तेच सांगायला आलोय.”

सगळं सांगितलं. पोटरी, गोळ्या, कप्पा. त्या ऐकत होत्या आणि गळ्यातल्या पट्टीचं टोक चुरगाळत होत्या.

“म्हणजे ब्रेक मी दाबला होता?”

“दाबला होता. जरा उशिरा दाबलात. पण उशीर झाला तर दाबायला मी बसलेलो असतो.”

“मी पाय उचलून दुसरीकडेच ठेवला असं मला वाटत होतं. इतक्यांदा ते डोळ्यांपुढे आणलं, की खरंच तसं दिसायला लागलं होतं.” त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. “महिना झाला, मी ह्यांना सांगतेय की माझ्यात ती धमकच नाही.”

आतून यजमानांनी विचारलं, “कोण आलंय? काय म्हणतायत?”

बाई म्हणाल्या, “गाडीचे मास्तर आलेत. म्हणतायत, मला गाडी येते.”

मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “हात बरा झाला की शिकेन. तुमच्याकडे नाही.”

मी म्हणालो, “बरोबर आहे.” मालकांकडे जाऊन नवा कागद लिहून दिला, चूक माझी म्हणून. त्यांनी मला गाडीवरून उतरवलंय. आकडा आणि ठोके तीन महिने जागेवर राहिले तर पुढचं बघू म्हणाले. सध्या वर्गात फळ्यावर रस्त्याच्या खुणा शिकवतो. जिना उतरताना, खरं सांगतो, हलकं वाटलं होतं. वाटलं, झालं, पाप फिटलं.

हा झाला पहिला भाग.

दुसरा सोमवारचा. रक्त द्यायला गेलो. एक पूर्णांक तीन. सिस्टरांनी आकडा वहीत लिहिला आणि मान वर न करता म्हणाल्या, “तुमच्या बहिणीचा फोन आला होता.”

मला आनंद झाला, काय सांगू. म्हणालो, “माझी चौकशी करत होती ना?”

“डिसेंबरात आला होता. तेव्हा मला वाटलं, घरगुती बाब आहे, आपण कशाला पडायचं. पण या बाटल्या पाहिल्यापासून माझ्या मनातून जात नाहीये.” मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “ती म्हणाली, दादा म्हणतो मी दिलेली किडनी गळकी निघाली. सगळ्या घराला माहीत आहे. माझ्यात उरलेलीही तशीच असेल का, तपासून द्याल का? आणि म्हणाली, दादाला माझ्या वतीने सॉरी सांगाल का, मला माहीत असतं तर दिलीच नसती. मी तिला सांगितलं, तुझी किडनी उत्तम आहे, दोष औषधाचा आहे. तिला पटलं नाही. ती म्हणाली, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय.”

रक्त घेतलेल्या जागी कापूस दाबून मी तसाच बसलो होतो. पुढचा पेशंट आला, त्याला मी उठून जागासुद्धा दिली नाही.

चिंगे, आत्याने राईचा पर्वत केला नाही. तिने जसंच्या तसं सांगितलं. नोव्हेंबरात आत्याच्या दिवाणखान्यात आम्ही सहा जण चहा पीत होतो. माझा कप बशीवर वाजत होता, इतका हात थरथरत होता. आत्या म्हणाली, “काय रे हे? ऑपरेशन होऊन वर्ष झालं ना?” सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. गोळ्या घेत नाही असं सांगितलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं, आणि मला ती गाडीची काच दिसली. म्हणून मी म्हणालो, “काय करणार? मॅग्नेशियम टिकतच नाही. बहिणीने दिली खरी, पण गळकी दिली! आणि बदलून मागायची तर पावती कुठंय?”

हसले सगळे. सगळ्यात जास्त वेळ मी हसलो.

आज लिहितो तसंच झालं होतं. त्यात मीठ नाही, मसाला नाही. जी वस्तू माझ्या अंगात वर्षभर न कुरकुरता काम करत होती तिला मी नावं ठेवली, आणि ती ज्या पोटातून काढली त्या पोटाला भीती घातली. तू ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी भिंत धरत धरत माझ्या खोलीपर्यंत आली होतीस, पोटावर उशी दाबून. दारातून म्हणाली होतीस, “चालू झाली का रे?” मी अंगठा वर केला होता.

दादा

२६ एप्रिल

चिंगे,

काल आत्याकडे गेलो. त्या दिवशी होते त्यातले चौघं पुन्हा जमवले होते. आत्याने परत चहा ठेवला. मी म्हणालो, चहा नंतर, आधी ऐका. उभा राहूनच बोललो. बसलो असतो तर पुन्हा काहीतरी विनोद केला असता.

“नोव्हेंबरात मी इथे बसून म्हणालो होतो की चिंगीने गळकी किडनी दिली. ते खोटं होतं. मॅग्नेशियम औषधाने जात होतं आणि भरून काढायच्या गोळ्या मी घेत नव्हतो. पाच महिने. गोळ्यांनी माझे कपडे खराब झाले होते, एका मुलीसमोर, गाडीत. ती लाज लपवायला मी बहिणीचं नाव घेतलं. तिची किडनी पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे.”

धाकटा आतेभाऊ चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. आत्या शेवटी म्हणाली, “अरे मेल्या, मी तर सगळ्यांना सांगून बसले!”

“कुणाकुणाला?”

तिने बोटं मोजली. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, परत अंगठ्यावर आली. “अकरा. आता मी परत सगळ्यांना फोन लावत बसू?”

“तू नको. मी लावतो. तू फक्त नंबर सांग आणि समोर बस.”

अकरा फोन केले. चहा गार झाला तिथेच. तुला वाटेल, अकरा वेळा मान खाली घालावी लागली असेल. तसं झालं नाही. बहुतेकांना आठवतच नव्हतं. “असं म्हणाला होतास का? असेल बुवा.” “जाऊ दे रे, गंमत होती ती.” काकांनी सगळं ऐकून विचारलं, “मग आता मॅग्नेशियम किती?” एका वहिनीने मला भोपळ्याच्या बिया खायला सांगितल्या. त्यांनी ते हसून सोडून दिलं होतं. तुझ्याच अंगात ते जाऊन बसलं होतं, आणि तुझ्याकडे ते सोडून द्यायची सोय नव्हती.

एकट्या मावशीने मला धरलं. म्हणाली, “पोरीने पोट फाडून दिलं आणि तू तिच्यावर विनोद केलास? माझ्याशी बोलू नकोस काही दिवस.” आणि फोन ठेवला. अकरांत तेवढाच एक फोन बरा वाटला.

वहिनीलाही आता गाडीतलं सांगून झालंय. ती ऐकून म्हणाली, “त्या दिवशीची पँट तुम्ही स्वतः धुतलीत तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते.”

डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलंय. तुझ्या किडनीचे जवळजवळ दीड वर्षाचे सगळे आकडे त्यात आहेत, एकही वाकडा नाही. खाली त्यांनी हाताने लिहिलंय की मॅग्नेशियम जाण्याचा आणि दात्याच्या किडनीचा संबंध नाही, औषधाचा आहे. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं नाही, मी त्यांना तसं विचारून घेतलं.

माझा आकडा आता एक पूर्णांक चार. कदाचित यापुढे फार वर जाणारही नाही, पण एवढा टिकला तर चालतं म्हणाले. गोळ्या घेतो. वहिनी समोर बसते आणि मी तोंड उघडून दाखवतो, लहान मुलासारखं. तिने सांगितलेलं नाही, मीच म्हणालो, बघ.

माफ कर असं लिहिणार होतो. तीनदा लिहून खोडलं. ते मागायचीही एक पात्रता लागते.

दादा

१८ मे

चिंगे,

तुझं पत्र आलं. दारातच उभ्याने वाचलं. सात ओळी. पाठ झाल्यात:

“दादा, पाच पत्रं मिळाली. पाचही वाचली. तुझं मॅग्नेशियम, तुझं पोट, तुझी लाज, तुझे अकरा फोन. डॉक्टरांचं पत्र ठेवून घेतलंय. माझी तपासणी जानेवारीत झाली, उरलेली नीट आहे. माफ केलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. पाच पत्रांत मी कशी आहे हे तू एकदाही विचारलेलं नाहीस.”

मी वहिनीला म्हणालो, “असं कसं होईल? एकदा तरी विचारलं असेल ना गं मी?”

ती भाजी निवडत होती. म्हणाली, “मला काय माहीत? मी पत्रं वाचली नाहीत. पण मलाही तुम्ही कधी विचारलेलं आठवत नाही.”

मी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसलो. तिला विचारलं. तिला सांगायला पाऊण तास लागला. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

आता तुला विचारतो. यात माझं काही नाही.

तू कशी आहेस? टाक्याची जागा अजून ओढते का? कवळ्यांचे साचे उचलताना पोटावर ताण येतो असं तू पहिल्या महिन्यात म्हणाली होतीस, ते जड साचे आता कोण उचलतं? पाणी पुरेसं पितेस का, की कामात विसरतेस? जिने चढताना धाप लागते का? डिसेंबरात सिस्टरांचं बोलणं पटलं नाही, मग जानेवारीपर्यंत महिनाभर कशी राहिलीस? कुणाला बोललीस का? जेवत होतीस का? झोप लागत होती का?

आणि तपासायला गेलीस, आत नाव पुकारेपर्यंत बाकावर बसली असशील. तेव्हा तुझ्या शेजारी कोण होतं?

दादा